डेटा सेंटरमधले सर्व्हर अखंड चालू कसे ठेवतात, आणि तरीही संकेतस्थळ बंद का पडते?

कृष्णाकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. मी सांगलीतल्या एका छोट्या प्रकाशन संस्थेचे संकेतस्थळ सांभाळतो. आमच्या दिवाळी अंकाची आगाऊ नोंदणी आणि जुन्या अंकांची विक्री या संकेतस्थळावरूनच होते. गेल्या दिवाळीत अंक तयार असल्याचा संदेश सर्व वाचकांना पाठवला आणि अर्ध्या तासात संकेतस्थळ उघडेनासे झाले. पानावर ‘५०८, रिसोर्स लिमिट इज रीच्ड’ असा मजकूर दिसत होता. होस्टिंग कंपनीकडे तक्रार केली, तेव्हा आमचे सर्व्हर नवी मुंबईतल्या टियर थ्री दर्जाच्या डेटा सेंटरमध्ये, म्हणजे असे संगणक ठेवण्याच्या खास इमारतीत, आहेत, तिथे वीज कधीच जात नाही आणि आम्ही ९९.९ टक्के अपटाइमची (सेवा चालू राहण्याच्या वेळेची) हमी देतो, एवढेच उत्तर मिळाले.

या उत्तराने माझे समाधान झाले नाही, कारण सर्व काही चालू होते तर आमचे वाचक परत का गेले, हा प्रश्न तसाच राहतो. डेटा सेंटरमध्ये सर्व्हर अखंड चालू ठेवण्यासाठी प्रत्यक्ष काय व्यवस्था असते, ९९.९ टक्क्यांचा अर्थ काय आणि त्या व्यवस्थेवर आमच्यासारख्या लहान संस्थेने कुठपर्यंत विसंबावे, हे कोणी समजावून सांगू शकेल का? आमच्याकडे कृष्णेचा पूर आम्ही पाहिला आहे, मुंबईनेही २६ जुलै पाहिला आहे, त्यामुळे पुरात या इमारतींचे काय होते हेही जाणून घ्यायचे आहे.

फेज_न्यूट्रल यांचे उत्तर

मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका डेटा सेंटरच्या विद्युत विभागात काम करतो, त्यामुळे इमारतीच्या बाजूने लिहितो. सर्व्हर आणि सॉफ्टवेअरच्या बाजूविषयी इथले इतर जाणकार लिहितीलच.

डेटा सेंटरमध्ये वीज कधीच जात नाही, हे विधान बरोबर नाही. वीज तिथेही जाते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास पारेषण यंत्रणेतल्या बिघाडामुळे मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई एकाच वेळी अंधारात गेली, लोकल गाड्या जागच्या जागी थांबल्या आणि शहर पूर्वपदावर यायला कित्येक तास लागले. अशा वेळी डेटा सेंटर चालते ते स्वतःच्या बॅटऱ्यांवर आणि डिझेल जनरेटरवर. खरा प्रश्न वीज जाते की नाही हा नसून ती गेल्यानंतरच्या पहिल्या मिनिटात काय घडते, हा आहे.

वीज असतानाही सर्व्हरला बाहेरची वीज थेट दिली जात नाही. ती आधी यूपीएसमध्ये, म्हणजे बॅटऱ्या जोडलेल्या वीजयंत्रणेत, जाते, तिथे एसीची डीसी होते, त्या डीसीवर बॅटऱ्या चार्ज होत राहतात आणि त्याच डीसीपासून इन्व्हर्टरने पुन्हा एसी तयार करून ती सर्व्हरकडे पाठवली जाते. त्यामुळे बाहेरची वीज गेली तरी सर्व्हरच्या दृष्टीने काहीच बदलत नाही. त्याच इन्व्हर्टरमागे आता बॅटरी उभी राहते. ही बॅटरी तासन्‌तास चालावी अशी अपेक्षाच नसते. साधारणपणे पाच ते पंधरा मिनिटे पुरेल एवढीच ती ठेवतात आणि तेवढ्यात जनरेटरने भार उचलायचा असतो. वीज क्षणभर लुकलुकली म्हणून जनरेटर धावू नयेत यासाठी नियंत्रण यंत्रणा काही सेकंद थांबते, मग सर्व जनरेटरना एकदम सुरू होण्याचा इशारा देते. ते दहा-पंधरा सेकंदांत पूर्ण वेग घेतात, एकमेकांशी सिंक्रोनाइझ होतात (त्यांची वीज एका तालात येते) आणि टप्प्याटप्प्याने भार घेऊ लागतात. सगळे नीट असेल तर हे एका मिनिटाच्या आसपास आटोपते आणि आत बसलेल्या कोणाच्याही संगणकाला त्याचा पत्ता लागत नाही.

‘सगळे नीट असेल तर’ या शब्दांसाठीच आमची वर्षभराची नोकरी असते. मोठ्या जनरेटरचे इंजिन सहसा बिघडत नाही. तो सुरू होत नाही तो बहुधा स्टार्टरची बॅटरी उतरल्यामुळे, म्हणजे काही कोटींच्या यंत्रासमोर काही हजारांची वस्तू दगा देते. म्हणून त्या बॅटरीचे व्होल्टेज रोज नोंदवले जाते आणि इंजिनाला हिटर लावून ते चोवीस तास कोमट ठेवले जाते, कारण थंड इंजिनाला एकदम पूर्ण भार उचलता येत नाही. टाकीत महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या डिझेलमध्ये, विशेषतः आपल्या दमट हवेत, पाणी साचते, पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर बुरशी वाढते आणि तो गाळ ऐन वेळी फिल्टर बंद करतो. त्यामुळे डिझेल फिरवून गाळत राहावे लागते. शिवाय जनरेटर दर महिन्याला नुसता रिकामा चालवून बंद केला, तर अर्धवट जळलेले इंधन धुराड्यात आणि इंजिनात चिकटते. त्यासाठी लोड बँक नावाचे मोठे कृत्रिम भारयंत्र जोडून त्याला खरोखर दमवावे लागते.

आता ज्याकडे ग्राहकांचे लक्ष जात नाही त्या थंडाव्याविषयी सांगतो, कारण माझ्या मते विजेइतकाच, किंबहुना विजेपेक्षाही, तोच नाजूक भाग आहे. यूपीएस सर्व्हर चालू ठेवतो, पण चिलर, म्हणजे थंडाव्यासाठी पाणी गार करणारी यंत्रे, एवढी वीज खातात की ते सहसा यूपीएसवर घेतलेले नसतात. वीज गेली की ते थांबतात, जनरेटर आल्यानंतर पुन्हा सुरू होतात आणि पूर्ण क्षमतेला यायला त्यांना काही मिनिटे लागतात. त्या मिनिटांत सर्व्हर मात्र पूर्ण भाराने उष्णता ओकत असतात आणि दाटीने भरलेल्या दालनात तापमान पाहता पाहता वर चढते. म्हणून पंखे आणि पाण्याचे पंप यूपीएसवर घेतात आणि थंड पाण्याची एक मोठी टाकी भरून ठेवतात. चिलर परत येईपर्यंत तेच साठवलेले पाणी दालनाला थंड ठेवते. सर्व्हरमध्ये शिरणारी हवा १८ ते २७ अंश सेल्सिअस असावी, ही अ‍ॅश्रे या शीतकरण अभियंत्यांच्या संस्थेची शिफारस जगभर पाळली जाते. थंडावा गेला की काय होते ते १९ जुलै २०२२ रोजी लंडनमध्ये दिसले. इंग्लंडमध्ये पारा पहिल्यांदाच ४० अंशांच्या वर गेला आणि गूगल व ओरॅकल यांच्या तिथल्या डेटा सेंटरमधली शीतकरण यंत्रणा तोकडी पडल्याने यंत्रांचे नुकसान टाळण्यासाठी काही सेवा हाताने बंद कराव्या लागल्या. वीज पूर्णपणे शाबूत होती.

आमच्या पट्ट्यात हवेचा आणखी एक त्रास आहे. खाडीची खारी, दमट हवा आणि औद्योगिक वसाहतीतले वायू यांमुळे सर्किट बोर्डावरचे तांबे आणि चांदी हळूहळू गंजते. म्हणून दालनात तांब्याच्या आणि चांदीच्या छोट्या पट्ट्या टांगून ठेवतात आणि महिन्याने प्रयोगशाळेत पाठवून त्यांच्यावर किती थर चढला ते मोजतात. थर जास्त आढळला तर बाहेरून येणाऱ्या हवेचे रासायनिक फिल्टर बदलतात. हे काम दिसत नाही, पण दोन वर्षांनी अचानक बंद पडणारे कितीतरी सर्व्हर त्यामुळे वाचतात.

टियर थ्रीचा अर्थ असा की वीज आणि थंडावा यांच्या साखळीतला कोणताही एक घटक दुरुस्तीसाठी बाजूला काढला तरी सर्व्हर बंद करावे लागत नाहीत. अप्टाइम इन्स्टिट्यूटची ही वर्गवारी आराखड्याला वेगळी मिळते आणि बांधून झालेल्या इमारतीला वेगळी मिळते, त्यामुळे प्रमाणपत्र नेमके कशाचे आहे ते जरूर विचारा. प्रत्येक रॅकला (सर्व्हर बसवायच्या कपाटाला) ए आणि बी असे दोन स्वतंत्र विद्युतमार्ग येतात आणि चांगल्या सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय असतात, एक ए वर आणि एक बी वर. इथे एक बारीक गोष्ट सांभाळावी लागते: दोन्ही मार्गांवर मिळून असलेला भार एकट्या मार्गाला पेलला पाहिजे. ए वर ६० टक्के आणि बी वर ६० टक्के असा भार वर्षभर सुखाने चालतो आणि ए बंद पडताच बी चा ब्रेकरही उडतो. नवे सर्व्हर बसवताना हा हिशेब रॅकपुरता रोज ठेवावा लागतो, आणि खरे सांगायचे तर शिस्त इथेच ढिली पडते.

पुराविषयी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतर या पट्ट्यात बांधताना जोत्याची उंची हा गंभीर विषय झाला. पण केवळ सर्व्हर वरच्या मजल्यावर ठेवून भागत नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळाचे पाणी न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात शिरले, तेव्हा ७५ ब्रॉड स्ट्रीट या इमारतीतल्या एका डेटा सेंटरचा जनरेटर वरच्या मजल्यावर सुरक्षित होता, परंतु त्याला डिझेल चढवणारे पंप तळघरात होते आणि ते बुडाले. कर्मचारी आणि ग्राहक कंपन्यांची माणसे बादल्यांनी डिझेल घेऊन १७ मजले जिने चढत राहिली आणि जनरेटर चालू ठेवला. त्यांच्या जिद्दीला माझा मनापासून नमस्कार आहे. तरी नवी जागा पाहायला गेलो की मी आधी इंधनाचा पंप कुठे बसवला आहे ते पाहतो.

शेवटी, एखादे डेटा सेंटर चांगले की नाही हे मी एकाच प्रश्नावर ठरवतो: तुम्ही मुख्य ब्रेकर स्वतःहून शेवटचा कधी पाडलात? आम्ही पावसाळ्यापूर्वी, सर्व ग्राहकांना आधी कळवून, बाहेरची वीज हेतुपुरस्सर तोडतो आणि सगळी साखळी खरोखर चालते का ते पाहतो. त्या पहाटे प्रत्येक जण आपापल्या पॅनेलसमोर उभा असतो, हातात वॉकीटॉकी आणि छापील एमओपी (कामाच्या पायऱ्यांची यादी) असते आणि एक जण पायरी वाचतो, दुसरा ती करतो. कागदावर दोन-दोन यंत्रे दाखवणे सोपे आहे; त्यातले एक मुद्दाम बंद करायची तयारी असणे अवघड आहे.

टर्मिनल यांचे उत्तर

फेज_न्यूट्रल यांनी इमारतीविषयी इतके नेमके लिहिले आहे की त्यात भर घालण्यासारखे फारसे नाही. मी पुण्यात होस्टिंगच्या सर्व्हरची देखभाल करतो, म्हणून कृष्णाकाठ यांच्या मूळ अडचणीकडे वळतो.

तुम्हाला दिसलेला ५०८ हा मजकूर सर्व्हर बंद पडल्याचे लक्षण नाही. सर्व्हर चालू होता, म्हणून तर त्याने तो मजकूर पाठवला. शेअर्ड होस्टिंगमध्ये एकाच यंत्रावर शेकडो संकेतस्थळे असतात आणि एकाच्या गर्दीमुळे बाकीची गुदमरू नयेत म्हणून प्रत्येक खात्याला प्रोसेसर, मेमरी आणि एका वेळी चालणाऱ्या प्रक्रिया यांची मर्यादा घातलेली असते. तुमचा संदेश वाचून वाचक एकदम आले, प्रत्येकासाठी पान नव्याने तयार होऊ लागले, तुमच्या खात्याची मर्यादा संपली आणि यंत्रणेने पुढच्यांना दारातूनच परत पाठवले. कंपनीने हे तुम्हाला दोन वाक्यांत सांगायला हवे होते. न सांगणे ही त्यांची चूक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांच्या अपटाइमच्या नोंदीत तुमची ती दिवाळी शंभर टक्के चालू अशीच दिसेल.

९९.९ टक्क्यांचा हिशेब करून पाहा. वर्षाला सुमारे पावणेनऊ तास, महिन्याला साधारण ४३ मिनिटे बंद राहण्याची मुभा त्यात आहे. करारात पूर्वसूचना देऊन केलेली देखभाल बहुतेक वेळा या हिशेबातून वगळलेली असते आणि हमी मोडली तरी भरपाई म्हणून मिळतो तो त्या महिन्याच्या होस्टिंग शुल्काचा काही भाग. तुमच्या बुडालेल्या विक्रीशी त्याचा संबंध नसतो.

यंत्राच्या आत काय असते, तेही थोडक्यात सांगतो. मेमरी ईसीसी प्रकारची असते, म्हणजे एखादा बिट उलटला तर ती स्वतः दुरुस्त करते. डिस्क रेडमध्ये, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडलेल्या रचनेत, असतात, त्यामुळे एक डिस्क गेली तरी माहिती दुसऱ्यांवरून मिळत राहते आणि सर्व्हर चालू असतानाच खराब डिस्क काढून नवी बसवता येते. नव्या डिस्कवर माहिती पुन्हा रचली जात असताना उरलेल्या डिस्कवर ताण येतो आणि त्याच काळात दुसरी डिस्क जाण्याचा धोका असतो. म्हणून मोठ्या डिस्कसाठी दोन डिस्कचे जाणे सोसेल अशीच रचना निवडावी. व्हर्च्युअल मशीन (एका यंत्रात सॉफ्टवेअरने उभा केलेला स्वतंत्र संगणक) असेल तर ती चालू स्थितीत एका यंत्रावरून दुसऱ्यावर हलवता येते आणि दुरुस्ती ग्राहकाला कळतही नाही.

नेटवर्कच्या बाबतीत दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या जोडण्या घेतलेल्या असतात, मात्र त्या दोन्ही फायबर रस्त्याकडेच्या एकाच चरातून येत असतील, तर एक जेसीबी दोन्ही तोडू शकतो. मार्ग वेगळे असल्याचा नकाशा मागितला पाहिजे. आणि सगळे काही जागेवर असूनही एक चुकीची आज्ञा पुरते. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकच्या नियमित देखभालीत दिलेल्या एका आज्ञेमुळे त्यांच्या डेटा सेंटरना जोडणारे अंतर्गत जाळेच तुटले, त्यांच्या डीएनएस सर्व्हरचे (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरचे) पत्ते इंटरनेटवरून मागे घेतले गेले आणि फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्सअ‍ॅप सुमारे सहा तास बंद राहिले. दुरुस्तीची त्यांची साधनेही त्याच जाळ्यावर होती, त्यामुळे अभियंत्यांना प्रत्यक्ष जागेवर पाठवावे लागले. तेव्हापासून व्यवस्थापनासाठी पूर्ण वेगळी जोडणी ठेवण्याचा आग्रह मी अधिकच धरतो.

उत्तरायण यांचे उत्तर

वरील दोन्ही उत्तरे उत्तम आहेत, पण आगीचा मुद्दा राहिला आहे आणि तो राहू नये असे मला वाटते. मी जर्मनीत, फ्रान्सच्या सीमेजवळ राहते. पलीकडे स्ट्रासबूर्गमध्ये १० मार्च २०२१ च्या मध्यरात्रीनंतर ओव्हीएच या मोठ्या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. पाच मजल्यांची एक इमारत पूर्ण जळाली, शेजारच्या इमारतीतली काही दालने गेली आणि लाखो संकेतस्थळे बंद पडली. सकाळी कंपनीचे संस्थापक ऑक्टाव्ह क्लाबा यांनी ग्राहकांना आपापली आपत्ती योजना सुरू करण्याचा सल्ला दिला. अनेकांची बॅकअप प्रत त्याच परिसरात, काहींची तर त्याच इमारतीत होती. त्यांच्याकडे सुरू करण्यासारखे काहीच उरले नव्हते.

ज्या बॅटऱ्यांवर सगळा भरवसा असतो, आग अनेकदा त्यांच्याच आसपास सुरू होते. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरात सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम-आयन बॅटऱ्या हलवत असताना आग लागली, शेकडो सरकारी सेवा बंद झाल्या आणि कर्मचाऱ्यांच्या सामायिक साठ्यातली ८५८ टेराबाइट माहिती कायमची गेली, कारण तिची दुसरी प्रत नव्हतीच.

दालनात आग शमवण्यासाठी बऱ्याच ठिकाणी पाण्याऐवजी वायू वापरतात आणि धुराचा अगदी सूक्ष्म अंश हुंगणारी यंत्रणा नळ्यांमधून सतत हवा ओढून तपासत असते. त्या वायूचेही भान ठेवावे लागते. सप्टेंबर २०१६ मध्ये बुखारेस्टमध्ये आयएनजी बँकेच्या डेटा सेंटरमध्ये अशा यंत्रणेची नियोजित चाचणी घेतली गेली, तेव्हा वायू इतक्या मोठ्या आवाजात बाहेर पडला की त्या कंपनांनी हार्ड डिस्क खराब झाल्या आणि बँकेच्या सेवा कित्येक तास ठप्प झाल्या. चाचणी घ्यायलाच हवी, या फेज_न्यूट्रल यांच्या मताशी मी पूर्ण सहमत आहे. त्यात एवढीच भर घालते की चाचणीच्या आदल्या दिवशी माहितीची प्रत दुसऱ्या शहरात पोहोचलेली असावी.

कृष्णाकाठ यांचा प्रतिसाद

तिघांचेही मनःपूर्वक आभार. होस्टिंग कंपनीने चार महिन्यांत जे सांगितले नाही, ते इथे एका संध्याकाळी समजले. रोजचा बॅकअप घेतला जातो असे आमच्या करारात लिहिलेले आहे, मात्र तो कुठे ठेवला जातो याचा त्यात उल्लेख नाही. आमचा सगळा मजकूर, मुखपृष्ठांच्या चित्रांसह, चार जीबीच्या आसपास आहे. पुढच्या दिवाळीपूर्वी आम्ही नेमके काय करावे?

टर्मिनल यांचे उत्तर

चार जीबी म्हणजे फारच सोपे काम आहे. कंपनीला लेखी विचारा की बॅकअप कोणत्या शहरात आहे, तो किती दिवसांचा ठेवला जातो आणि तुम्हाला तो स्वतः उतरवून घेता येतो का. उत्तर काहीही आले तरी दर आठवड्याला, आणि नोंदणीच्या काळात रोज, डेटाबेस आणि फाइली यांची एक प्रत दुसऱ्या कंपनीच्या साठ्यात आपोआप जाईल अशी व्यवस्था करा. त्याखेरीज महिन्याला एक प्रत बाह्य डिस्कवर घेऊन ती डिस्क कार्यालयात न ठेवता पुराचे पाणी पोहोचत नाही अशा कोणाच्या तरी घरी ठेवा. डोमेनची नोंदणी होस्टिंग कंपनीपासून वेगळी ठेवा, म्हणजे गरज पडल्यास पत्ता दुसरीकडे वळवणे तुमच्या हातात राहील.

प्रत आहे एवढ्यावर थांबू नका. जानेवारी २०१७ मध्ये गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड साठवणाऱ्या कंपनीच्या एका कर्मचाऱ्याकडून मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा बॅकअपच्या पाच पद्धतींपैकी एकही नीट चालत नसल्याचे उघड झाले. योगायोगाने सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत सापडली म्हणून बाकीचे वाचले. तुम्ही गणपतीच्या सुमारास एखादे स्वस्त व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) महिन्याभरासाठी घ्या, तुमच्या प्रतीवरून संपूर्ण संकेतस्थळ तिथे नव्याने उभे करा, एक खोटी मागणी नोंदवून पाहा आणि लागलेला वेळ लिहून ठेवा. तो वेळ तुम्हाला परवडणारा असेल तर महागड्या योजनेची गरज नाही.

५०८ साठी पानांचे कॅशिंग (तयार पान साठवून तेच पुन्हा देणे) सुरू करा, मुखपृष्ठांची चित्रे सीडीएनवर (ठिकठिकाणच्या सर्व्हरवरून फाइली पुरवणाऱ्या सेवेवर) ठेवा आणि दिवाळीच्या दोन महिन्यांपुरती खात्याची मर्यादा वाढवून घ्या. वाचकांना संदेशही सर्वांना एकाच वेळी न पाठवता जिल्ह्याजिल्ह्याने, तासाभराच्या अंतराने पाठवलात, तर आहे त्याच सर्व्हरवर गर्दी पुष्कळ ओसरेल. डोमेनच्या डीएनएस नोंदीतला टीटीएल, म्हणजे जुना पत्ता लक्षात ठेवण्याची मुदत, आठवडाभर आधी पाच मिनिटांवर आणून ठेवा, म्हणजे ऐन वेळी दुसऱ्या सर्व्हरवर जावे लागले तर वाचकांना फार थांबावे लागणार नाही.